शांतता आणि मानवी हक्कांच्या कार्यकर्त्यांचा सन्मान कसा करावा

शांततेसाठी किंवा मानवी हक्कांसाठी काम करणाऱ्या एखाद्या व्यक्तीचा सन्मान करायचे संस्थेने ठरवले, की पहिल्या बैठकीत बहुधा सभागृह, तारीख आणि प्रमुख पाहुणे यांचीच चर्चा होते. ज्याला गौरवायचे त्याचे नाव त्यानंतर निघते, आणि या सन्मानाचा त्याला नेमका काय उपयोग होणार, हा प्रश्न पुष्कळदा निघतच नाही. साहित्यिकाचा किंवा खेळाडूचा सत्कार ढिसाळपणे झाला तर फार तर एक संध्याकाळ वाया जाते. हक्कांसाठी झगडणाऱ्या माणसाच्या कामाने मात्र कोणीतरी सत्तावान दुखावलेला असतो, आणि जाहीर गौरवामुळे त्या माणसाला जसे संरक्षण मिळू शकते, तशी त्याच्यावर नव्याने वक्रदृष्टीही वळू शकते. म्हणून तयारीचा क्रम उलटा असावा. आधी माणूस आणि त्याची गरज पाहावी, मग निवडीचे नियम ठरवावेत आणि समारंभाचा विचार सर्वांत शेवटी करावा.

हेतू आधी ठरवावा

सन्मान कशासाठी देत आहोत, हे आयोजकांनी एका वाक्यात लिहून काढावे आणि त्या वाक्यावर सर्वांची सहमती घ्यावी. जगातल्या नावाजलेल्या पुरस्कारांकडे पाहिले तर त्यांचे हेतू एकसारखे नाहीत, हे लक्षात येते. जिनिव्हात दिला जाणारा मार्टिन एनल्स पुरस्कार धोक्यात असलेल्या कार्यकर्त्यांना जगाच्या नजरेसमोर आणून त्यांचे संरक्षण व्हावे, यासाठी आहे. १९८० मध्ये याकोब फॉन उक्सकुल यांनी आपला टपाल तिकिटांचा संग्रह विकून सुरू केलेला राइट लाइव्हलिहुड पुरस्कार प्रत्यक्ष उपाय शोधणाऱ्यांच्या कामाला बळ देण्यासाठी आहे. संयुक्त राष्ट्रांचा मानवी हक्क पुरस्कार १९६८ मध्ये प्रथम दिला गेला आणि तो दर पाच वर्षांनी दिला जातो. त्याचा भर मोठ्या कार्याची जागतिक पातळीवर नोंद घेण्यावर अधिक आहे. संरक्षण, आर्थिक बळ आणि नोंद हे तीन वेगळे हेतू असून त्यांच्यासाठी निवडायची माणसेही वेगळी असतात. आयुष्यभराचे काम पूर्ण करून निवृत्त झालेल्या ज्येष्ठ व्यक्तीला संरक्षणाची गरज नसेल. खटल्यात अडकलेल्या तरुण वकिलाला शाबासकीपेक्षा जगाचे लक्ष आणि कायदेशीर खर्चाची सोय अधिक हवी असेल. लहान संस्थेने एकच हेतू निवडावा, असे माझे मत आहे, कारण तिन्ही एकत्र साधण्याच्या प्रयत्नात निवड समिती भरकटते.

त्यानंतर येतो पात्रतेचा प्रश्न. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने ९ डिसेंबर १९९८ रोजी मानवी हक्क रक्षकांविषयीचा जाहीरनामा स्वीकारला. त्यानुसार मानवी हक्कांचे संरक्षण व्हावे म्हणून एकट्याने किंवा इतरांसोबत प्रयत्न करण्याचा हक्क प्रत्येकाला आहे. त्यासाठी पद, पदवी किंवा संस्थेचे सदस्यत्व लागत नाही. बेपत्ता झालेल्या मुलाचा शोध घेता घेता इतर कुटुंबांनाही वाट दाखवणारी आई, वेठबिगारीची प्रकरणे नोंदवणारा शिक्षक, कैद्यांच्या तक्रारी लिहून देणारा कारकून, हे सगळे या व्याख्येत बसतात. पात्रता ठरवताना दोन अटी मात्र स्पष्ट शब्दांत लिहाव्यात. काम शांततामय मार्गाने झालेले असावे, आणि ज्याचा सन्मान करायचा त्याने हक्क सर्वांचे मानलेले असावेत. स्वतःच्या समाजाच्या हक्कांसाठी तुरुंगवास भोगलेला माणूस शेजारच्या समाजाचे तेच हक्क नाकारत असेल, तर तो धाडसी असू शकतो, पण तो या सन्मानाला पात्र ठरत नाही.

शांततामय मार्गाची अट कागदावर सोपी वाटते, पण तिच्यावर आधीच वाद घालून घेतलेला बरा. ॲम्नेस्टी इंटरनॅशनल या मानवी हक्क संघटनेने १९६४ मध्ये नेल्सन मंडेला यांना सद्‌विवेकाचे कैदी, म्हणजे हिंसेचे समर्थन न करता केवळ मतांमुळे कैद झालेली व्यक्ती, मानण्याचे थांबवले, कारण त्यांनी सशस्त्र प्रतिकाराचे समर्थन केले होते. युरोपीय संसदेने १९८८ मध्ये विचारस्वातंत्र्यासाठीचा पहिला साखारोव्ह पुरस्कार दिला, तेव्हा मंडेला तुरुंगातच होते आणि तो पुरस्कार त्यांना व मरणोत्तर सोव्हिएत असंतुष्ट लेखक अनातोली मार्चेंको यांना मिळाला. १९९३ मध्ये त्यांना नोबेल शांतता पुरस्कारही मिळाला. भूतकाळात हिंसेचे समर्थन केलेल्या, पण पुढे समेटाचा मार्ग धरलेल्या व्यक्तीचा विचार करायचा की नाही, याचा निर्णय नाव समोर येण्याआधीच व्हावा. नाव समोर आल्यावर केलेला नियम त्या नावासाठीच केला असे दिसते, आणि बहुतेक वेळा ते खरेही असते.

शिफारशी आणि निवड समिती

शिफारशी कोणाकडून मागवायच्या, याच्या दोन पद्धती आहेत. नोबेल शांतता पुरस्कारासाठी ठरावीक गटांतील व्यक्तीच, म्हणजे राष्ट्रीय कायदेमंडळांचे सदस्य, काही विषयांचे प्राध्यापक, आधीचे मानकरी वगैरे, नाव सुचवू शकतात. मुदत ३१ जानेवारीपर्यंत असते, स्वतःचे नाव स्वतः सुचवता येत नाही आणि सुचवलेली नावे ५० वर्षे गुप्त ठेवली जातात. राइट लाइव्हलिहुडसाठी मात्र कोणीही शिफारस करू शकतो. नव्या सन्मानासाठी खुली पद्धत अधिक योग्य, कारण बंद यादीतून पुन्हा पुन्हा तीच ओळखीची नावे येतात. शिफारशीचा अर्ज दोन पानांहून मोठा नसावा. त्यात जीवनवृत्तापेक्षा कामाविषयी विचारावे. कोणाच्या कोणत्या हक्कासाठी काम झाले, त्यातून काय बदलले, त्या बदलाची साक्ष कोण देऊ शकेल, आणि सध्या या व्यक्तीला कोणता धोका आहे, एवढे चार प्रश्न पुरतात.

नोबेलच्या गुप्ततेचा नियम इथे उसना घेण्यासारखा आहे. धोक्यात असलेल्या माणसाचे नाव अंतिम यादीत छापून यावे आणि शेवटी पुरस्कार दुसऱ्याला मिळावा, यात त्याच्या वाट्याला केवळ धोका येतो. काही पुरस्कार अंतिम यादी मुद्दाम जाहीर करतात आणि यादीतील सर्वांचाच गौरव करतात. तसे करायचे असेल तर यादीतील प्रत्येकाची संमती आधी घ्यावी.

निवड समिती पाच ते सात जणांची असावी आणि तिच्यात त्या क्षेत्रात प्रत्यक्ष काम केलेली माणसे निम्म्याहून अधिक असावीत. देणगीदार, पदाधिकारी आणि सरकारी अधिकारी यांना समितीबाहेर ठेवावे. हा नियम कठोर वाटेल, पण त्याला इतिहास आहे. नाझी छळछावणीत कैद असलेले पत्रकार कार्ल फॉन ओसिएत्स्की यांना १९३५ सालचा शांतता पुरस्कार द्यायचा की नाही, यावर चर्चा सुरू असताना नोबेल समितीवर नॉर्वेचे तत्कालीन परराष्ट्रमंत्री आणि एक माजी पंतप्रधानही होते. समितीचा निर्णय हा सरकारचाच निर्णय समजला जाईल, या अडचणीमुळे दोघांना त्या प्रक्रियेतून बाजूला व्हावे लागले. पुढे १९३७ मध्ये पदावर असलेल्या मंत्र्यांना समितीचे सदस्यत्व देऊ नये, असा नियम नॉर्वेच्या संसदेने केला. समितीतील प्रत्येकाने आपले हितसंबंध लेखी कळवावेत. शिफारस झालेली व्यक्ती नात्यातली, संस्थेतली किंवा पूर्वीची सहकारी असेल, तर त्या नावाच्या चर्चेच्या वेळी सदस्याने खोलीबाहेर थांबावे. आत बसून गप्प राहणे पुरेसे नाही.

खातरजमा

या टप्प्याला सर्वांत जास्त वेळ द्यावा आणि प्रत्यक्षात तोच सर्वांत कमी दिला जातो. शिफारसपत्रे कौतुकाची असतात, वर्तमानपत्रांतील कात्रणे एकमेकांवरून उतरवलेली असतात. समितीने निदान तीन प्रकारच्या माणसांशी स्वतंत्रपणे बोलावे. ज्यांच्यासाठी काम झाले ती माणसे, त्याच क्षेत्रात काम करणारी पण त्या व्यक्तीच्या संस्थेशी संबंध नसलेली माणसे, आणि पूर्वी सोबत काम करून बाजूला झालेली माणसे. यांतील तिसरा गट टाळण्याकडे कल असतो, पण कनिष्ठ सहकाऱ्यांशी वागणूक, पैशाचे व्यवहार किंवा लैंगिक छळाच्या तक्रारी यांची माहिती बहुधा तिथूनच मिळते. ऐकलेली प्रत्येक तक्रार खरी मानू नये आणि ती कानाआडही करू नये. तक्रार कोणी केली, तिची चौकशी झाली का, आणि निष्कर्ष काय निघाला, हे तपासावे. चौकशी करताना शिफारस झालेल्या व्यक्तीचे नाव, ठिकाण आणि काम असे सगळे एकाच संदेशात लिहून पाठवू नये. पीडितांची नावे तर कोणत्याच कागदावर येऊ देऊ नयेत.

श्रेय कोणाचे, हाही खातरजमेचाच भाग आहे. हक्कांचे लढे क्वचितच एकट्याने लढले जातात, पण पुरस्काराला एक चेहरा सोयीचा पडतो. तो चेहरा बहुधा शहरात राहणाऱ्या, चांगले बोलणाऱ्या आणि प्रवास करू शकणाऱ्या माणसाचा असतो. यावर उपाय आहे. १९९१ सालचा राइट लाइव्हलिहुड पुरस्कार मेधा पाटकर आणि बाबा आमटे यांच्यासह नर्मदा बचाओ आंदोलनाला दिला गेला. व्यक्तींबरोबर संघटनेचे नाव घेतल्याने पुढे कोणी व्यक्ती बाजूला झाली, तरी मान कामाकडे राहतो. संघटनेला एकत्रित सन्मान द्यायचा असेल, तर तो कोणी स्वीकारायचा हे संघटनेनेच ठरवावे.

संमती

निवड झाली की जाहीर करण्याआधी त्या व्यक्तीला विचारावे, आणि विचार करायला किमान दोन आठवडे द्यावेत. नकार मिळाला तर तो अपमान समजू नये. १९७३ मध्ये उत्तर व्हिएतनामचे वाटाघाटीकर्ते ले डुक थो यांनी व्हिएतनाममध्ये शांतता प्रत्यक्षात आली नसल्याचे सांगून नोबेल नाकारले होते आणि त्या कारणात तथ्य होते. संपर्कासाठी कोणते साधन सुरक्षित आहे, हे त्या व्यक्तीच्या विश्वासातील माणसाकडून आधी जाणून घ्यावे. पहिल्याच निरोपात सगळा तपशील देऊ नये.

संमती म्हणजे नुसता होकार नव्हे. पुढील गोष्टी एकेक करून विचाराव्यात. नाव जाहीर करायचे का आणि कधी? छायाचित्र चालेल का? गावाचे किंवा कुटुंबीयांचे नाव टाळायचे आहे का? एखादा खटला चालू असेल, तर त्याच्या सुनावणीच्या तारखा कोणत्या? मानपत्रात कोणत्या प्रकरणाचा उल्लेख नको? न्यायप्रविष्ट प्रकरणाविषयी आयोजकांनी उत्साहाने लिहिलेले एक वाक्य विरोधी पक्षाच्या वकिलाच्या हातात पडू शकते. त्यामुळे त्या व्यक्तीच्या वकिलाला मसुदा दाखवणे हा शिष्टाचार नसून गरज आहे. व्यक्ती तुरुंगात असेल, तर कुटुंबाची आणि वकिलाची संमती घ्यावी. जाहीर गाजावाजा करावा की शांतपणे प्रयत्न करावेत, याबाबत कुटुंबाचा अंदाज आयोजकांच्या अंदाजापेक्षा जास्त भरवशाचा असतो.

सत्कारमूर्ती येऊ शकणार नाही, असेही गृहीत धरून तयारी करावी. सोव्हिएत शास्त्रज्ञ आंद्रेई साखारोव्ह यांना १९७५ मध्ये देशाबाहेर जाऊ दिले नाही, तेव्हा त्यांच्या पत्नी येलेना बोनर यांनी नोबेल शांतता पुरस्कार स्वीकारला. १९८३ मध्ये पोलंडचे कामगार नेते लेक वालेसा यांच्या वतीने त्यांच्या पत्नी दानुता गेल्या, कारण आपण बाहेर पडलो तर परतू दिले जाणार नाही, अशी भीती वालेसांना होती. २०१० मध्ये चिनी लेखक लिऊ शियाओबो तुरुंगात होते आणि कुटुंबापैकी कोणालाही येऊ दिले गेले नाही. ओस्लोच्या समारंभात पदक आणि मानपत्र रिकाम्या खुर्चीवर ठेवले गेले. २०२३ मध्ये इराणच्या नर्गिस मोहम्मदी यांच्या जुळ्या मुलांनी, अली आणि कियाना यांनी, आईने तुरुंगातून पाठवलेले भाषण वाचून दाखवले. आयोजकांनी यावरून एवढे करावे की प्रतिनिधीचे नाव लेखी घ्यावे, भाषणाची प्रत आधी मागवावी, ध्वनिमुद्रण शक्य असेल तर तेही घ्यावे, आणि प्रतिनिधीलाही धोका आहे का, हे विचारावे.

पैसा

रक्कम द्यायची असेल तर ती कशी पोहोचणार, याचा विचार ती जाहीर करण्याआधी करावा. ओसिएत्स्की यांच्या पुरस्काराच्या रकमेचा मोठा भाग ती सांभाळण्यासाठी नेमलेल्या वकिलानेच हडप केला. बेलारूसचे मानवी हक्क कार्यकर्ते आलेस बियालियात्स्की यांना २०११ मध्ये करचुकवेगिरीच्या आरोपाखाली साडेचार वर्षांची शिक्षा झाली. मानवी हक्कांच्या कामासाठी लिथुआनिया व पोलंडमधील खात्यांत ठेवलेली रक्कम त्यांचे वैयक्तिक उत्पन्न ठरवली गेली, आणि त्या खात्यांची माहिती त्याच दोन देशांच्या अधिकाऱ्यांकडून बेलारूसच्या हाती पडली होती. पुढे २०२२ मध्ये त्यांना नोबेल मिळाले तेव्हाही ते कैदेत होते. सद्हेतूने दिलेला पैसा आरोपपत्रात कसा जाऊन बसतो, हे यावरून समजावे.

तेव्हा रक्कम व्यक्तीला द्यायची की संस्थेला, तिच्यावर कर लागतो का, परदेशातून पैसा घेण्यासाठी परवानगी लागते का, याचा सल्ला ज्या देशात रक्कम जाणार तिथल्या जाणकाराकडून घ्यावा. रकमेसोबत ती पुरस्कार म्हणून दिली आहे, तिच्या बदल्यात कोणतेही काम अपेक्षित नाही, असे लेखी पत्र द्यावे. रोख रक्कम देऊ नये. अनेकदा थेट पैशापेक्षा खटल्याचा खर्च, वैद्यकीय उपचार, काही महिन्यांची विश्रांती, सुरक्षित संगणक किंवा मुलांचे शिक्षण अशी मदत अधिक उपयोगी आणि कमी जोखमीची ठरते. यांतील काय हवे, हेही त्यांनाच विचारावे.

मानपत्र

मानपत्र हा सन्मानाचा सर्वांत टिकाऊ भाग असतो. पदक कपाटात जाते, पण मानपत्राचा मजकूर पुढे न्यायालयात, दूतावासात, शिफारसपत्रांत उद्धृत होतो. तरीही तो आदल्या रात्री, विशेषणांची पोतडी उघडून लिहिला जातो. ‘मानवतेचे अग्रदूत, शोषितांचे कैवारी, शांततेचे पुजारी अशा आपल्या उत्तुंग व्यक्तिमत्त्वास’ अशा थाटाची वाक्ये कोणालाही लागू पडतात आणि म्हणूनच कोणाच्याही उपयोगी पडत नाहीत. त्याऐवजी उदाहरणादाखल असे लिहिता येईल: ‘कोठडीत मृत्यू झालेल्या व्यक्तींच्या नातेवाइकांना शवविच्छेदनाचा अहवाल मागण्याचा हक्क आहे, हे आपण त्यांना समजावून सांगितले, अर्ज लिहून दिले आणि धमक्या येऊनही सुनावणीच्या प्रत्येक तारखेला त्यांच्यासोबत उभ्या राहिलात.’ या वाक्यात गौरवाचे एकही विशेषण नाही, परंतु काम दिसते, धोका दिसतो आणि कायद्याच्या चौकटीत राहून ते काम झाल्याची नोंदही होते. ही शेवटची गोष्ट महत्त्वाची आहे, कारण अशा माणसांवर देशद्रोहापासून फसवणुकीपर्यंत कोणतेही आरोप ठेवले जातात आणि त्यांच्या कामाचे कायदेशीर, शांततामय स्वरूप सांगणारा तटस्थ दस्तऐवज त्यांना कामी येतो. मजकूर दोनशे शब्दांच्या आत ठेवावा, प्रत्येक विधानाला आधार आहे का ते तपासावे, आणि सत्कारमूर्तीच्या भाषेत त्याची अचूक प्रत द्यावी.

समारंभ

समारंभाविषयी फार सांगण्यासारखे नाही. १० डिसेंबर हा मानवी हक्क दिन सोयीचा वाटतो, कारण १९४८ मध्ये याच दिवशी मानवी हक्कांचा वैश्विक जाहीरनामा स्वीकारला गेला. पण त्या दिवशी इतकी निवेदने निघतात की लहान संस्थेचा सन्मान त्यांत हरवून जातो. सत्कारमूर्तीच्या सुनावणीच्या किंवा महत्त्वाच्या भेटीच्या आधीची तारीख पुष्कळदा जास्त परिणामकारक असते. प्रमुख पाहुणे निवडताना ज्या खात्याविरुद्ध किंवा उद्योगाविरुद्ध हे काम झाले, त्याच्याशी त्यांचा संबंध नसल्याची खात्री करावी. निम्म्याहून अधिक वेळ सत्कारमूर्तीच्या बोलण्यासाठी राखावा. पीडितांना व्यासपीठावर उभे करून त्यांची कहाणी सांगायला लावू नये. सभागृहात छायाचित्रे घेण्यास मुभा आहे की नाही, हे प्रवेशद्वारापाशीच सांगावे, कारण प्रेक्षकांत बसलेल्या सहकाऱ्यांचे चेहरेही जपावे लागतात.

समारंभानंतर

रशियातील मानवी हक्क कार्यकर्त्या नतालिया एस्तेमिरोवा यांना २००७ मध्ये, हत्या झालेल्या रशियन पत्रकार अन्ना पोलितकोव्स्काया यांच्या नावाचा पहिला पुरस्कार मिळाला होता आणि जुलै २००९ मध्ये त्यांचे चेचन्यात अपहरण होऊन हत्या झाली. होंडुरासच्या पर्यावरण कार्यकर्त्या बेर्ता कासेरेस यांना २०१५ मध्ये गोल्डमन पर्यावरण पुरस्कार मिळाला आणि पुढच्याच मार्चमध्ये घरात घुसून त्यांना ठार करण्यात आले. पुरस्कारामुळे संरक्षण आपोआप मिळत नाही, ते मागाहून सतत लक्ष ठेवल्यानेच मिळते. संस्थेने एका व्यक्तीवर किमान एक वर्षाची जबाबदारी सोपवावी. तिने ठरावीक काळाने संपर्क ठेवावा, अटक किंवा धमकी झाल्यास चोवीस तासांत निवेदन काढता येईल असा मसुदा तयार ठेवावा, आणि अशा वेळी कोणाला कळवायचे त्या वकिलांची, पत्रकारांची, आंतरराष्ट्रीय संघटनांची यादी अद्ययावत ठेवावी. मात्र निवेदन काढण्याआधी कुटुंबाला विचारण्याचा नियम येथेही लागू आहे.

सन्मान परत घेण्याविषयीचा नियमही पहिल्याच वर्षी लिहावा. म्यानमारच्या नेत्या आँग सान सू की यांना १९९१ मध्ये मिळालेले नोबेल रोहिंग्यांवरील अत्याचारांनंतरही कायम राहिले, कारण नोबेलच्या नियमांत पुरस्कार काढून घेण्याची तरतूदच नाही. ॲम्नेस्टीने त्यांना २००९ मध्ये दिलेला सन्मान मात्र नोव्हेंबर २०१८ मध्ये काढून घेतला. दोन्ही भूमिकांचे समर्थन करता येते. माझा कल परत घेण्याची तरतूद ठेवण्याकडे आहे, परंतु ती निवडीनंतरच्या कृत्यांपुरती आणि पुराव्यावर आधारित असावी, संबंधित व्यक्तीला बाजू मांडण्याची संधी मिळावी आणि निर्णय दोन तृतीयांश बहुमताने व्हावा. एखाद्या सरकारने किंवा जमावाने दबाव आणला म्हणून सन्मान मागे घेता येणार नाही, असेही त्याच कलमात लिहावे.

मरणोत्तर सन्मान द्यायचा की नाही, हेही तेव्हाच ठरवून टाकावे. नोबेलच्या सध्याच्या नियमांनुसार मृत व्यक्तीची निवड करता येत नाही, मात्र जाहीर झाल्यानंतर मृत्यू आला तर पुरस्कार कायम राहतो. साखारोव्ह पुरस्कारावर असे बंधन नाही. कुटुंबाची इच्छा असेल आणि काम पुढे चालवणारे कोणी असेल, तर मरणोत्तर सन्मान देण्यास हरकत नसावी.

उरतात ती कागदपत्रे. निवड न झालेल्या शिफारशींपैकी चांगल्या शिफारशी, शिफारस करणाऱ्याला विचारून, पुढच्या वर्षासाठी ठेवाव्यात. साक्षीदारांची नावे, दूरध्वनी क्रमांक, धमक्यांचे तपशील आणि समितीच्या चर्चेची टिपणे मात्र निर्णयानंतर ठरलेल्या मुदतीत, साधारण सहा महिन्यांत, कागदावरून आणि संगणकावरूनही नष्ट करावीत, आणि ती नष्ट केल्याची दोन ओळींची नोंद कार्यवृत्तात ठेवावी.